तळहातावरचा कॉलम्स: आर्डुइनो नॅनोवर सहा बाय तेराचा पट

जे गिअर्टसेन यांनी १९८९ मध्ये लिहिलेला कॉलम्स हा खडे जुळवायचा व्हिडिओ गेम सेगा या जपानी कंपनीने विकत घेतला आणि १९९० मध्ये आर्केडच्या यंत्रांवर आणला. त्याच वर्षी तो सेगाच्या गेम गिअर या हातात धरायच्या यंत्रावरही आला. नियम दोन मिनिटांत कळतात. सहा स्तंभ आणि तेरा ओळींचा पट असतो. वरून तीन खड्यांची उभी तिकडी पडते. ती आडवी होत नाही. फक्त तिच्यातल्या खड्यांचा क्रम फिरवता येतो. आडवे, उभे किंवा तिरपे तीन किंवा जास्त सारखे खडे जुळले की ते नाहीसे होतात, वरचे खाली घसरतात आणि त्यातून पुन्हा जुळणी झाली तर साखळी लागते.

आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर स्वतःच्या हाताने यंत्र बनवायला हा खेळ निवडावा, याला ठोस कारण आहे. तिकडी फिरत नसल्यामुळे आकारांचे तक्ते लागत नाहीत, स्मृती कमी लागते आणि पट अरुंद व उंच असल्याने स्वस्तातला ओलेड (स्वतः उजळणाऱ्या पिक्सेलचा) पडदा उभा धरला की तो त्यावर जवळजवळ मोजून बसतो. अडचण एकच आणि ती मोठी आहे: मूळ खेळ रंगांवर चालतो आणि आपला पडदा एकरंगी असतो. त्यावर पुढे सविस्तर येईलच.

आधी पडद्याचं गणित

पडदा १२८×६४ पिक्सेलचा. उभा धरला की रुंदी ६४ आणि उंची १२८. प्रत्येक खडा ८×८ पिक्सेलचा आणि शेजारी एक पिक्सेल मोकळा, म्हणजे एका घराला ९ पिक्सेल. सहा स्तंभांना ५४ आणि तेरा ओळींना ११७ पिक्सेल लागतात. उजवीकडे १० पिक्सेल उरतात: ५४ क्रमांकाच्या जागी उभी रेघ, ५५ मोकळा आणि ५६ ते ६३ मध्ये पुढची तिकडी. वर ११ पिक्सेल उरतात, त्यात ५×७ च्या फॉन्टमध्ये सहा आकडी गुण आणि पातळी बसते. ९ क्रमांकावर आडवी रेघ ओढा. एकही पिक्सेल वाया जात नाही. खडा ९ पिक्सेलचा करण्याचा मोह टाळा. मधली फट गेली की खडे एकमेकांत मिसळतात आणि डोळ्यांना एकच पांढरा डाग दिसतो.

पडद्याचा आकार निवडताना घाई नको. ०.९६ इंची पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.१७ मिलिमीटरचा, म्हणजे खडा जेमतेम १.४ मिलिमीटर. १.३ इंचीवर तोच खडा सुमारे १.८ मिलिमीटर होतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण दहा मिनिटं खेळल्यावर डोळ्यांना तो लगेच कळतो. १.३ इंचीच घ्या.

सामान

- आर्डुइनो नॅनो, एटीमेगा ३२८पी चिपचा, ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ: १
- १.३ इंची ओलेड, आयटूसी (दोन तारांवरून माहिती पाठवणाऱ्या) जोडणीचा, चार पिनांचा: १
- १२×१२ मिलिमीटरचे टॅक्टाइल स्विच (दाबायची बटणं), टोप्यांसह: ४
- पॅसिव्ह पिझो बझर: १, आणि त्यासाठी १०० ओहमचा रेझिस्टर
- १००० मिलिअँपिअर-तासाची लिथियम पॉलिमर बॅटरी: १
- टीपी४०५६ चार्जिंग मोड्यूल, बॅटरी संरक्षण असलेलं: १
- एमटी३६०८ बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) मोड्यूल: १
- सरकता स्विच, १०० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर
- ७×९ सेंटिमीटरचा झिरो पीसीबी (सोल्डर करायची भोकांची पाटी), फिमेल हेडर पट्ट्या, बारीक वायर

हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सुटं मिळतं. दुकानात तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली, संरक्षण असलेल्या टीपी४०५६ मोड्यूलवर बॅटरीच्या दोन टोकांशिवाय ‘आउट’ लिहिलेली वेगळी दोन टोकं असतात. ती नसली तर बॅटरी पार रिकामी होईपर्यंत पिळली जाते आणि मरते. दुसरी, बझर पॅसिव्ह हवा. ॲक्टिव्ह बझरला ५ व्होल्ट दिले की तो स्वतःच एका सुरात वाजतो, त्यावर वेगवेगळे स्वर निघत नाहीत. तिसरी, ओलेडवरच्या पिनांचा क्रम. काही मोड्यूलवर जीएनडी (शून्य व्होल्ट) आधी आणि व्हीसीसी (वीजपुरवठा) नंतर असतो, तर काहींवर उलटं. दिसायला दोन्ही सारखेच. इंटरनेटवरची आकृती पाहून वायर लावू नका, समोरच्या मोड्यूलवर छापलेलं वाचून लावा.

आधी ब्रेडबोर्ड, मग सोल्डर

आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या पाटीवर, जोडून पाहा. ओलेडचा एसडीए (माहितीची तार) नॅनोच्या ए४ ला, एससीएल (ठेक्याची तार) ए५ ला. डावा स्विच डी२, उजवा डी३, क्रम फिरवायचा डी४, खाली ढकलायचा डी५. प्रत्येक स्विचचं दुसरं टोक जीएनडीला. पिना आतल्या पुल-अपसह (एरवी पिन १ वर ठेवणाऱ्या रेझिस्टरसह) इनपुट म्हणून उघडा, म्हणजे बाहेरून रेझिस्टर लागत नाहीत; दाबलेला स्विच शून्य वाचला जातो. बझर डी९ वर, १०० ओहममधून.

टॅक्टाइल स्विचला चार पाय असतात आणि ते दोन-दोन आतून जोडलेलेच असतात. चुकून जोडीतले दोन पाय वापरले तर बटण कायम दाबलेलंच दिसतं आणि तिकडी एका भिंतीला चिकटून बसते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे तिरपे पाय वापरा. ते कधीच एका जोडीतले नसतात.

बाजारातल्या बऱ्याच नॅनोंवर सीएच३४० ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर संगणकावर टाकावा लागू शकतो. अपलोड करताना ‘नॉट इन सिंक’ अशी तक्रार आली तर आर्डुइनो आयडीईच्या टूल्स मेनूत प्रोसेसर बदलून ‘ओल्ड बूटलोडर’चा पर्याय निवडा. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. मोबाइलबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात.

लायब्ररी आणि स्मृती

१.३ इंची पडद्यांवर बहुतेक वेळा एसएच११०६ हा कंट्रोलर (पडदा चालवणारी चिप) असतो, लहान पडद्यांवर एसएसडी१३०६. एसएच११०६ च्या आतली स्मृती १३२ पिक्सेल रुंदीची असते आणि दिसतात त्यातले मधले १२८. त्यामुळे एसएसडी१३०६ चा कोड चालवला तर चित्र दोन पिक्सेल सरकतं आणि कडेला मुंग्या आल्यासारखा कचरा दिसतो. पडदा खराब आहे म्हणून परत करायला धावू नका. लायब्ररीत, म्हणजे पडद्यासाठी वापरलेल्या तयार कोडमध्ये, कंट्रोलरचं नाव बदला.

यू८जी२ ही लायब्ररी दोन्ही कंट्रोलर सांभाळते आणि पडदा ९० अंशांत फिरवूनही देते. आर१ निवडल्यावर चित्र उलटं आलं तर आर३ निवडा. पूर्ण बफरची, म्हणजे अख्खं चित्र स्मृतीत ठेवणारी आवृत्ती घ्या. ती १०२४ बाइट खाते आणि नॅनोकडे एकूण २०४८ बाइट आहेत. पटाला ९६ बाइट आणि बाकी किरकोळ धरून गाडी आरामात चालते, पण कंपाइल झाल्यावर येणाऱ्या अहवालात किमान ३०० ते ४०० बाइट मोकळे दिसले पाहिजेत. स्टॅकला, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीला, तेवढी जागा लागते. सीरिअलची (संगणकाला मजकूर पाठवून पाहायची) चाचणी संपली की ती ओळ काढून टाका, तिचे बफर शंभराहून जास्त बाइट अडवून बसतात. एडाफ्रूटची एसएसडी१३०६ लायब्ररी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ती आपला १०२४ बाइटचा बफर चालू झाल्यावर मागते, त्यामुळे अहवालात तो दिसतच नाही. अहवाल ‘भरपूर जागा आहे’ म्हणतो आणि पडदा काळाच राहतो.

ओलेडच्या पाठीवर आयटूसीचा पत्ता ७८ छापलेला असतो आणि पत्ता शोधणारा स्कॅनर प्रोग्राम ३सी दाखवतो; दोन्ही आकडे सोळाच्या पायाचे. दोन्ही एकच आहेत, फक्त एका बिटाने सरकवून लिहिलेले.

आता वेग. १०२४ बाइट, प्रत्येकाला पोचपावतीसह ९ बिट, म्हणजे ९२१६ बिट. १०० किलोहर्ट्झला एक चित्र पाठवायला ९२ मिलिसेकंद, ४०० किलोहर्ट्झला २३. प्रत्यक्षात दोन्ही थोडे जास्तच. ९२ मिलिसेकंदांत माणूस बटण दाबून सोडूनही मोकळा होतो आणि यंत्राला पत्ता लागत नाही. ‘बटणं नीट चालत नाहीत’ या तक्रारीचं मूळ अनेकदा बटणात नसून इथे असतं. बसचा वेग ४०० किलोहर्ट्झ ठेवा, तो पडदा सुरू करण्याच्या आधी सांगा आणि काही बदललं तरच चित्र पाठवा.

सहा खडे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

रंग नाहीत, तेव्हा ओळख आकारावर. पण १.८ मिलिमीटरच्या खड्याची बाह्यरेषा डोळा वाचत नाही. तो वाचतो पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण आणि पोत. वर्तुळ, षटकोन, अष्टकोन असे आकार काढले तर तिन्ही एकसारखेच दिसतील. त्याऐवजी असे घ्या:

भरीव चौकोन, ६४ च्या ६४ पिक्सेल पेटलेले. एका पिक्सेलच्या रेघेचा पोकळ चौकोन, २८ पिक्सेल. भरीव शंकरपाळी, ओळीओळीने २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ पिक्सेल, एकूण ४०. दोन पिक्सेल जाडीची फुली. दोन पेटलेल्या आणि दोन विझलेल्या ओळींचे आडवे पट्टे. आणि सहावा, मधोमध फक्त ४×४ चा ठिपका, १६ पिक्सेल.

फुलीबरोबर अधिकचं चिन्ह घेऊ नका, घाईत दोन्ही एकच वाटतात. आडव्या पट्ट्यांबरोबर उभे पट्टेही नकोत. आकार ठरल्यावर सहाही खडे पटावर वेडेवाकडे भरून यंत्र हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करून पाहा. ज्या दोन खड्यांपाशी क्षणभर थांबावं लागलं, त्यातला एक बदला. ही चाचणी संध्याकाळच्या घरातल्या उजेडात आणि दुपारी खिडकीशी, अशा दोन्ही वेळी करा.

हे आकार प्रोग्राम मेमरीत ठेवा. यू८जी२ मध्ये प्रत्येक बाइटचा शेवटचा बिट सगळ्यात डावीकडे येतो, त्यामुळे डावी-उजवी बाजू वेगळी असलेला आकार आरशातल्यासारखा उलटा उमटतो. वरचे सहाही आकार दोन्ही बाजूंनी सारखे आहेत, म्हणून इथे हा प्रश्न येत नाही.

पट आणि तिकडी

पट १३ ऐवजी १६ ओळींचा धरा. वरच्या तीन ओळी, म्हणजे ०, १, २, पडद्यावर काढायच्या नाहीत. तिकडी तिथे जन्मते. १६×६, म्हणजे ९६ बाइटची एकच सरळ यादी. ० म्हणजे रिकामं, १ ते ६ खडे. दिसणाऱ्या ओळीचं वरचं टोक म्हणजे ओळ क्रमांकातून ३ वजा करून ९ ने गुणायचं आणि ११ मिळवायचे.

खडा निवडताना रँडमला १ ते ७ असं सांगा. वरची हद्द त्यात धरली जात नाही. १ ते ६ सांगितलं तर सहावा खडा जन्मात येत नाही आणि खेळ विनाकारण सोपा होतो. रँडमचं सुरुवातीचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून पुढच्या संख्या निघतात तो, मोकळ्या ॲनालॉग पिनवरून घेण्याची पद्धत आहे, पण ती पुन्हा पुन्हा त्याच काही संख्या देते. त्यापेक्षा पहिल्या पडद्यावर माणसाने बटण दाबलं त्या क्षणाचे मायक्रोसेकंद घ्या. ते कधी जुळत नाहीत.

तिकडी डावी-उजवीकडे सरकवताना शेजारच्या स्तंभातली तिन्ही घरं तपासायची गरज नाही. प्रत्येक पडझडीनंतर स्तंभात पोकळी उरत नाही, म्हणून तिकडीच्या सगळ्यात खालच्या खड्याशेजारचं घर रिकामं असेल तर वरची दोन रिकामीच असतात. एकच तपासणी पुरते.

बटण धरून ठेवलं तर पहिली हालचाल लगेच, दुसरी १७० मिलिसेकंदांनी आणि त्यापुढे दर ५० मिलिसेकंदांनी. क्रम फिरवायच्या बटणाला हे लावू नका, ते दाबण्यागणिक एकदाच चाललं पाहिजे. दाबताना होणारी थरथर १० मिलिसेकंद दुर्लक्षित केली की पुरे. तिकडी तळाला टेकल्यावर लगेच गोठवू नका. ४०० मिलिसेकंद द्या. शेवटच्या क्षणी क्रम फिरवून जुळणी साधणं हाच या खेळाचा जीव आहे आणि ही मुभा काढली तर खेळ नुसता कटकटीचा होतो.

जुळणी: चुका इथेच होतात

जुळलेले खडे सापडताक्षणी पुसायचे नाहीत. आधी सगळे शोधून खूण करायची, मग एकदम पुसायचे. नाहीतर आडवी आणि उभी जुळणी एका खड्यात छेदत असेल तर आडवी पुसताना तो खडा जातो आणि उभीतले दोन अडकून राहतात.

खूण करायला वेगळी यादी नको. खड्याला तीन बिट पुरतात, तेव्हा त्याच बाइटचा सगळ्यात वरचा बिट खूण म्हणून वापरा. मात्र दोन खड्यांची तुलना करताना तो बिट झाकूनच करा. झाकायचं राहिलं तर खूण झालेला खडा आणि न झालेला खडा वेगळे ठरतात आणि छेदणारी जुळणी पुन्हा निसटते.

दिशा आठ नाहीत, चारच तपासायच्या: उजवीकडे, खाली, खाली-उजवीकडे, खाली-डावीकडे. सरळ यादीत त्या अनुक्रमे १, ६, ७ आणि ५ घरं पुढे. प्रत्येक घरापासून पुढची दोन सारखी निघाली की तिघांवर खूण. चार-पाच खड्यांची ओळ याच तपासणीत आपोआप येते. हद्दी मात्र काटेकोर हव्यात: उजवीकडच्या दोन्ही दिशा स्तंभ ० ते ३ मधूनच, खाली-डावी स्तंभ २ ते ५ मधूनच आणि खालच्या तिन्ही दिशा ओळ ० ते १३ मधूनच. हद्द विसरली तर एका ओळीचा शेवटचा खडा आणि पुढच्या ओळीतले पहिले दोन मिळून ‘आडवी जुळणी’ होते. खेळणाऱ्याला खडे उगाच गायब झालेले दिसतात.

यासाठी चाचणीचे तीन पट कोडमध्येच भरून ठेवा. एकात उलट्या एल आकारात पाच सारखे खडे: पाचही गेले पाहिजेत. दुसऱ्यात ओळीच्या टोकाला एक आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला दोन: काहीही जाता कामा नये. तिसऱ्यात तिरपी चारची ओळ भिंतीला टेकलेली: चारही गेले पाहिजेत. हे तिन्ही पास झाल्याशिवाय गुण, आवाज यांना हात लावू नका.

पुसण्याआधी खूण झालेले खडे ४०० मिलिसेकंद लुकलुकवा. हे नुसतं सजावटीचं नाही; एवढा वेळ मिळाला नाही तर साखळी कशी लागली हे खेळणाऱ्याला कळतच नाही आणि मग तो ती मुद्दाम रचायला शिकत नाही. पुसल्यावर प्रत्येक स्तंभ तळापासून वर वाचा आणि भरलेली घरं खालून भरत जा. मग पुन्हा जुळणी शोधा. काही सापडेनासं झालं की साखळी संपली. तेव्हा वरच्या तीन अदृश्य ओळींत काही उरलं असेल तर खेळ संपला. तपासणी सोळाही ओळींवर केली तर वर डोकावणारी तिकडी जुळणीने वाचू शकते, आणि तसंच ठेवावं.

गुणांसाठी साधा नियम: पुसलेले खडे गुणिले १० गुणिले साखळीचा क्रमांक. दर ५० खड्यांनी पातळी वाढवा. पडण्याचा वेळ ८०० मिलिसेकंदांपासून सुरू करून दर पातळीला ७० ने कमी करा. दहाव्या पातळीला तो १७० होतो. त्याखाली जाऊ नका, एवढ्या बारीक खड्यांवर डोळा तितका धावत नाही.

मूळ खेळातला जादूचा खडा ७ या आकड्याने आणता येतो, साधारण चाळीस तिकड्यांत एकदा. तिन्ही घरांत ७ ठेवा आणि ते दर १०० मिलिसेकंदांनी लुकलुकू द्या. टेकल्यावर खाली जो खडा असेल त्या जातीच्या पटावरच्या सगळ्या खड्यांवर खूण करा. जादूचे स्वतःचे तीन खडे उभी जुळणी म्हणून नेहमीच्या तपासणीतच निघून जातात.

तेहेतिसाव्या सेकंदाचा दोष

वेळ मोजायला डिले (ठरावीक वेळ थांबवणारं फंक्शन) वापरू नका. तो चालू असताना बटणं वाचली जात नाहीत. मिलिसेकंदांचा फरक काढून ठरवा. आणि ते मिलिसेकंद साठवताना ३२ बिटांचा, चिन्ह नसलेला प्रकारच घ्या. नॅनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो आणि ३२,७६७ ला भरतो. तो वापरला तर खेळ बत्तीस सेकंद सुरळीत चालतो आणि मग फरक नेहमीच प्रचंड येऊन तिकड्या सुसाट कोसळू लागतात. गुणांनाही हाच धडा लागू. नाहीतर रंगलेल्या डावात आकडा अचानक उणे होतो.

सर्वोच्च गुण ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) ठेवा, पण डाव संपल्यावर आणि विक्रम मोडला असेल तरच. त्या स्मृतीत लिहिण्याची हमी सुमारे एक लाख वेळांची असते. कोऱ्या ईईप्रॉमचे सगळे बिट १ असतात, म्हणून पहिल्यांदा विक्रम ४२९,४९,६७,२९५ दिसतो. तो सापडला तर शून्य धरा.

बझरसाठी टोन या फंक्शनची हाक पुरते. ती टायमर २ वापरते, त्यामुळे डी३ आणि डी११ वर त्या वेळी पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) मिळत नाही. आपल्याला तो नकोच आहे. साखळीच्या प्रत्येक टप्प्याला स्वर चढवत न्या, हातातल्या यंत्रात तेवढाच उत्साह पुष्कळ होतो.

बॅटरी

लिथियमच्या पेशीचे ३.७ व्होल्ट थेट नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला देऊन चालल्यासारखं दिसतं, पण १६ मेगाहर्ट्झला या चिपला किमान ३.७८ व्होल्ट लागतात. बॅटरी उतरू लागली की खेळ मध्येच गोठतो. म्हणून बूस्ट.

एमटी३६०८ नव्याने आणल्यावर त्यातून किती व्होल्ट निघतील याचा नेम नसतो. तो २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आधी फक्त बॅटरी जोडा, बाहेरच्या टोकांवर मल्टिमीटर लावा आणि बारीक स्क्रू फिरवत ५.० वर आणा. स्क्रूचे सुरुवातीचे बरेच फेरे काहीच बदलत नाहीत, धीर धरा. नॅनो त्यानंतरच जोडायचा. ओलेडच्या पिनांजवळ दोन्ही कपॅसिटर लावा, म्हणजे बझर वाजताना पडदा थरथरत नाही.

टीपी४०५६ मूळ स्थितीत १ अँपिअरने चार्ज करतो, कारण त्यावर १२२ छापलेला १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. १००० मिलिअँपिअर-तासाच्या पेशीला तो काठावर चालतो, पण २ किलोओहमचा लावून ५८० मिलिअँपिअरवर आणणं चांगलं. पेशी ५०० ची असेल तर ३ किलोओहम लावून ४०० वर आणाच, नाहीतर ती तापते आणि फुगते. फुगलेली पेशी पुन्हा वापरायची नाही, दाबायची नाही, भोसकायची तर मुळीच नाही.

एकूण खर्च ५ व्होल्टला ५० मिलिअँपिअर धरला तर बॅटरीतून साधारण ८० जातात, म्हणजे बारा तासांच्या आसपास खेळ. सरकता स्विच टीपी४०५६ आणि बूस्टच्या मधे लावा. यूएसबीने नवा कोड टाकताना तो बंद ठेवा, दोन ठिकाणांहून एकदम वीज नको.

झिरो पीसीबीवर

पडदा वर, उभा. खाली डाव्या अंगठ्याला डावा, उजवा आणि खालचा स्विच, उजव्या अंगठ्याला क्रम फिरवायचा एकटा. नॅनो मागच्या बाजूला फिमेल हेडरवर बसवा, यूएसबी तोंड कडेला. ओलेडही हेडरवरच, त्याची काच कोपऱ्यातून सहज तडकते आणि सोल्डर केलेला पडदा काढताना तर हमखास. बॅटरी आणि पीसीबीच्या टोकदार पायांमध्ये जाड पुठ्ठा किंवा फोम हवाच. स्विचचे पाय बसवल्यावर प्रत्येक दाबून मल्टिमीटरवर कंटिन्युइटी (जोडणी होते का ते) पाहा, मग वीज द्या.

डावाला विराम मिळाला की मिनिटभराने पडदा मंद करा. ओलेडवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याची सावली कायमची उमटते, आणि पटाची ती उभी रेघ सगळ्यात आधी उमटेल. यंत्र किंवा कोड इतरांना वाटणार असाल तर नाव, चित्रं आणि सूर आपले स्वतःचे ठेवा; कॉलम्स हे नाव आणि त्याचं संगीत मूळ मालकांचं आहे.